जिवलीच्या नावावरची जमीन

डहाणूत हल्ली कोणालाही विचारा, तो जमिनीच्या धंद्यात आहे. चिकूचा व्यापारी त्यात आहे, शाळेतला कारकून त्यात आहे, आणि माझ्या समोरचा सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून झाला की त्याला मोबाइलवर प्लॉट दाखवतो. बंदर येणार, गाडी येणार, रस्ता रुंद होणार. माणसं पीकपाण्याचं बोलेनाशी झालीत. रोड टच आहे का, हायवे टच आहे का, एवढंच बोलतात. माझं स्टेशनरीचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे ही सगळी मंडळी माझ्याकडे येतात, काउंटरवर कोपर टेकतात आणि मी न विचारता मला भाव सांगतात. मला त्यांचा मनस्वी कंटाळा आहे. पण त्यांच्यातलीच एक माझी मैत्रीण होती, आणि तिच्याबद्दल मी सांगितलं नाही तर दुसरं कोणी सांगणार नाही.

दक्षाचं शिवणकामाचं दुकान माझ्या दुकानाला लागून. समुद्राकडच्या एका चिकूच्या वाडीवर ती सून म्हणून आली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. वाडी मोठे दीर गोविंदराव यांच्या नावावर. गोविंदराव माणूस वाईट नव्हे. त्यांनी तिला मागची खोली दिली, खोलीला वेगळं दार दिलं, आणि आपण ते दिलंय हे तिला कधी विसरू दिलं नाही. "राहा गं, तुझंच आहे," असं ते आल्यागेल्यासमोर म्हणायचे. आता ज्याचं असतं त्याला कोणी 'राहा' म्हणतं का? दक्षालाही ते कळत होतं. ती मान खाली घालून ब्लाउज शिवायची.

मग तिच्या डोक्यात शिरलं की आपलं स्वतःचं काहीतरी असावं. डहाणूत एक खोली घ्यायची म्हटलं तर तिला या जन्मी जमलं नसतं. मोबाइलवर टाय लावलेला एक पोरगा थोड्या पैशांत जमिनीत गुंतवणूक कशी सुरू करावी ते समजावून सांगायचा. दक्षाचं मशीन आणि त्याचं तोंड दोन्ही बरोबर चालायची. जिथे अजून कोणाची नजर गेली नाही तिथे घ्या, कागद तपासा, आणि मग धीर धरा, घाई करू नका. दक्षाला ते पाठ झालं होतं. आधी स्वस्तात जमिनीचा तुकडा घ्यायचा, तो वाढू द्यायचा, मग विकून गावात एक खोली घ्यायची. हिशोब साधा होता. तिने बांगड्या मोडल्या, शिलाईतून साठवलेलं सगळं काढलं, आणि सुनिल नावाच्या एजंटबरोबर कासाच्या पुढे सायवनकडे जाऊन एक तुकडा बघून आली. उताराची जमीन, बांधावर सागाची झाडं, खाली पावसाळ्यात वाहणारा ओहोळ. परत आली तेव्हा तिचा चेहरा मला अजून आठवतो. लग्नात सुद्धा ती इतकी खूश दिसली नसेल.

अडचण एकच होती. जमीन आदिवासीची. ती बाहेरच्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि दक्षासारखीला ती परवानगी मिळायची नाही. कायदा योग्यच आहे; नाहीतर आमच्याकडच्या लोकांनी डोंगरापर्यंत काही शिल्लक ठेवलं नसतं. सुनिल म्हणाला, ताई, त्यात काय एवढं, तुमच्या भरवशाचं कोणी आदिवासी असेल त्याच्या नावावर करा.

शहाण्या माणसाने इथेच पाय मागे घेतला असता. आमच्याकडे मात्र माणसं कायदा काय म्हणतो ते विचारतच नाहीत, माणूस भरवशाचा आहे ना एवढंच विचारतात. पिढ्यान्पिढ्या एकाच वाडीत एकांनी राबवून घेतलं आणि दुसरे राबले, की दोन्हीकडच्यांना वाटायला लागतं की आपण एकमेकांचे आहोत. आणि दक्षाकडे जिवली होती.

जिवली सायवनच्या एका पाड्यावरची वारली बाई. दक्षा लग्न होऊन वाडीत आली तेव्हापासून ती तिथे चिकू उतरवायला यायची. नव्या नवरीला घरात कोणी धड बोलत नव्हतं. चिकूला नख लावून तो तयार झाला की नाही हे कसं बघायचं ते जिवलीने तिला शिकवलं. नवरा गेला तेव्हा सासरचे सगळे कामात होते, तिच्याजवळ बसून राहिली ती जिवली. तिला जमिनीचं सांगितलं तेव्हा ती खो खो हसली. "मना कशाला जमीन, बाय? तुझी हाय. नाव माझं लाव." ऑफिसात अंगठा दिला, बाहेर येऊन शाई केसांना पुसली, आणि दोघी भजी खायला गेल्या. दक्षाने तिला एकच शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही. घरी पोरांनासुद्धा नाही. जिवलीने ती शपथ पाळली, आणि तीच पुढे आमच्या मुळावर आली.

जमीन पडीक कशाला ठेवायची म्हणून जिवली तिथे भात लावू लागली. दक्षाने तिला लावू दिलं. हे 'लावू दिलं' ती मला इतक्या थाटात सांगायची की मला हसू यायचं. खोलीत दिरांच्या मेहेरबानीवर राहणारी बाई, पण बसस्टँडवरून चालत येताना जमीनदारीण दिसायची. मी चिडवायचे आणि ती लाजायची. बरे दिवस होते ते.

गेल्या वर्षी त्या बाजूला रस्त्याची मोजणी झाली आणि भाव चढला. त्याच सुमाराला गोविंदरावांच्या जतीनचं लग्न ठरलं. मागची खोली पाडून तिथे नव्या जोडप्यासाठी बांधकाम काढायचं होतं. गोविंदरावांनी दक्षाला बोलावून चहा दिला आणि दिवाळीनंतर तुझी काहीतरी सोय बघ, असं अगदी गोड आवाजात सांगितलं. माहेर म्हणावं तर आईबाप नाहीत, भाऊ नाही. जाणार कुठे? तर त्या जमिनीवरच सगळा भार.

गिऱ्हाईकही मिळालं. तलासरीचे मुकेश गुरुजी, स्वतः आदिवासी, म्हणजे व्यवहाराला आडकाठी नाही. जिवलीने अंगठा द्यायचा आणि आलेले पैसे दक्षाला द्यायचे. जिवली कधीही यायला तयार होती. उलट तीच मागे लागली होती. "बाय, आता करून टाक. मना बरं नाय वाटत." पण टायवाला पोरगा मोबाइलवर सांगत होता की शेवटची वाढ सगळ्यात मोठी असते, नवखे लोक तिथेच घाई करतात. रस्त्याच्या खुणेचे दगड अजून पडायचे होते. दक्षा म्हणाली, गणपती होऊ देत. मीही म्हटलं नाही की बाई, आजच जा. त्या वेळी आम्हाला धीर धरणं शहाणपणाचं वाटत होतं.

गणपतीतच जिवली त्या भातात कोसळली. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

कासाच्या दवाखान्यात तिला ठेवलं होतं. दक्षा आधी धावत गेली ती जिवलीसाठीच, हे मी शपथेवर सांगेन. दुसऱ्या दिवशी तिच्या डोक्यात जमीन आली. आली म्हणजे काय, अंगावरच कोसळली. मी तिला एका वकिलाकडे नेलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, हे मला सांगितलंत ते सांगितलंत, कोर्टात तोंडातून काढू नका. तुम्ही दुसऱ्याच्या नावावर आदिवासी जमीन घेतली असं म्हणालात की जमीन जाईल आणि वर चौकशी लागेल. जिच्या नावावर आहे त्या बाईने स्वतः व्यवहार केला तरच काही होईल. नोंदणीचे साहेब घरी येऊनही नोंद करतात, पण तिला समजलं पाहिजे, तिने हो म्हटलं पाहिजे, आणि पहिल्या कागदावर उजवा अंगठा आहे, तोच तिने स्वतः दिला पाहिजे.

तेव्हापासून दक्षाचा जीव त्या हातात अडकला. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून ती कासाला जायची. दवाखान्यातून घरी पाठवल्यावर कासाहून जीप धरून पाड्यावर जायची. जिवलीचं अंग पुसायची, पेज भरवायची, आणि मग तिचा उजवा हात मांडीवर घेऊन तेल चोळत बसायची. मनगट, तळवा, एकेक बोट, आणि शेवटी अंगठा. अंगठा धरून हळूहळू उघडायचा, मिटायचा, उघडायचा. पाड्यावरच्या बाया म्हणायच्या, पोटची पोर करणार नाही इतकं ही बाय करते. जिवलीचा मुलगा लाहू तलासरीला कंपनीत जातो. तो कामावरून आला की हिला चहा करून द्यायचा आणि पाया पडायचा. मुलगी सुकी हिच्या वेणीत फूल घालायची.

"ते पाया पडतात ना, तेव्हा मला उलटी येईल असं वाटतं," दक्षा मला म्हणाली. मी म्हटलं, मग लाहूला सांगून टाक, पोरगा सरळ आहे. ती म्हणाली, काय सांगू? आई अंथरुणात पडलीय आणि मी जमिनीसाठी येते, असं सांगू? उद्या ती बोलायला लागेल, तीच सांगेल. दररोज हेच, उद्या ती बोलेल. तिकडे गोविंदराव विटांचा ट्रक आणून ठेवून मोकळे झाले होते. दक्षा सकाळी दार उघडायची तर समोर विटांची रास. तिने जेवण टाकलं. शिवताना एकदा सुई बोटात गेली तर तिला कळलंही नाही, गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडावर डाग पडला.

एका संध्याकाळी ती माझ्या दुकानात आली आणि लहान पोरीसारखी हसायला लागली. अंगठा हलला होता. जिवलीने तिचा हात दाबला होता आणि तोंडातून 'बा' असं काहीतरी काढलं होतं. दक्षाने माझ्याच फोनवरून मुकेश गुरुजींना कळवलं की तयारीत राहा. मग हसता हसता रडायला लागली. मला तिची भीती वाटली.

त्याच आठवड्यात जिवली गेली.

आता जमीन लाहू आणि सुकीची. त्यांना वाटत होतं, आईने कधीतरी मजुरीतून घेतली असेल, आपल्यासाठी ठेवली. आईने सांगितलंच नव्हतं तर पोरांना दुसरं काय वाटणार?

लाहू स्वतः डहाणूला येऊन दिसाचं आमंत्रण देऊन गेला. वारली लोकांत माणूस गेल्यावर दिस करतात. कामडी येतो, म्हणजे मेलेल्याला गाण्याने घरी बोलावून आणणारा माणूस. त्याच्याकडे भोपळ्यांची घांगळी असते, ती वाजवत तो रात्रभर गातो. गाता गाता घरातल्या कोणाच्या तरी अंगात मेलेलं माणूस येतं आणि बोलतं. राहून गेलेलं सांगतं, हवं ते मागतं, आपल्या माणसांना विचारतं. तेव्हा ते जे बोलेल ते घरच्यांनी पाळायचं. त्यात मागे हटणं नाही. सगळा पाडा साक्षीला असतो.

दक्षाने माझा दंड धरला. "चंद्रिका, ती बोलेल. सगळ्यांसमोर जमिनीचं बोलेल." मी बी.ए. झालेली बाई, मी म्हटलं, हे काय खूळ. पण तिच्याकडे दुसरं काय उरलं होतं? कोर्ट बंद, कागद बंद, दार बंद. मेलेल्या बाईच्या तोंडावर तिने सगळी आशा टांगली होती, आणि ते बघून मला तिचा रागही आला आणि कीवही. मी दुकान बंद करून तिच्याबरोबर गेले.

आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळ झाली होती. कामडी रात्रभर गाऊन घोगरा झाला होता, पण थांबला नव्हता. अंगणात माणसं बसलेली, पोरं झोपलेली, ताडीचा वास. ऊन अंगणात उतरलं आणि सुकी बसल्या जागी थरथरायला लागली. केस सुटले. बाया तिला धरून बसल्या. मग ती बोलली, आणि आवाज सुकीचाच होता, पण बोलायची ढब जिवलीची. कोरा चहा मागितला. दवाखान्यात दुधाचा चहा देत होते म्हणून कुरकुर केली. लाहूला दारू कमी कर म्हणाली, नातवाला जवळ बोलावून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. माणसं हसत होती, रडत होती. दक्षा पुढे सरकत सरकत पार समोर जाऊन बसली होती.

सुकीने तिच्याकडे मान वळवली.

"बाय, तू रोज येत होतीस. माझ्यासाठी का अंगठ्यासाठी?"

घांगळी वाजतच होती. तो अंगठा चोळताना सुकीने तिला रोज बघितलं होतं. तिला काय कळलं होतं आणि काय नाही, देव जाणे. दक्षाला खोटं बोलता आलं असतं. मी असते तर बोलले असते, आणि मला त्याची लाज वाटली नसती.

"अंगठ्यासाठी, जिवले," दक्षा म्हणाली. "अंगठ्यासाठीच येत होते."

बायांमध्ये कुजबुज झाली. लाहू उठून उभा राहिला. कामडीने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि दक्षाला म्हणाला, बाईने खरं सांगितलंय. आता तुला काही विचारायचं असेल तर विचार, ती जायला निघालीय.

हेच तर हवं होतं. याच्यासाठीच आम्ही आलो होतो. जिवले, ती जमीन कोणाची, एवढं विचारायचं होतं. मी मागून तिच्या पाठीला बोट टोचलं. दक्षाने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"तुला खूप दुखत होतं का गं?"

"तू चोळायचीस तवा नाय," सुकी म्हणाली, आणि तिची मान खाली पडली. बायांनी तिला आडवं केलं, तोंडावर पाणी मारलं. ती उठली तेव्हा ती सुकी होती, आणि तिला काही आठवत नव्हतं.

परत निघताना जीपची वाट बघत होतो तिथे लाहू आला. तो रागावलेला असेल असं मला वाटलं होतं, पण त्याला फक्त जाणून घ्यायचं होतं. कसला अंगठा, असं त्याने विचारलं. दक्षा पिशवीचे बंद आवळत राहिली. माझ्याने राहवलं नाही. मी त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. मग उतारावरच्या कापणीला आलेल्या भाताकडे त्याने बराच वेळ बघितलं.

"तुम्ही तठं विचारायचं होतं," तो म्हणाला. "आयस हो बोलली असती तर सगळ्यांसमोर मी दिली असती. आता ती नाय बोलली, तं मी कसा देऊ? पाडा बोलेल, लाहूने आयसची जमीन बाहेरच्याला दिली."

तो खोटं बोलत नव्हता. त्याने दिली असती. जीप आली तेव्हा त्याने दक्षाची पिशवी उचलून आत ठेवली आणि ड्रायव्हरला आमचं भाडं दिलं.

जीप कासाला आली. मग माझा तोल गेला. बाई, तुझ्या डोक्यावरचं छप्पर जातंय, आयुष्यभराची कमाई त्या उतारावर पडलीय, आणि तुला एक प्रश्न विचारायला मिळाला तर तू हे काय विचारलंस? दुखणं विचारायचं ते विचारायचं, पण आधी जमिनीचं विचारायचं होतं. माझा आवाज इतका चढला की जीपमधली माणसं वळून बघायला लागली.

दक्षा खिडकीबाहेर बघत होती. "मला वाटत होतं मला जमिनीचंच विचारायचंय," ती म्हणाली. "तोंडातून दुसरंच आलं."

दिवाळी झाली आणि गोविंदरावांनी खोली पाडायला घेतली. दक्षा आता माझ्या दुकानाच्या माळ्यावर राहते. वह्यांच्या गठ्ठ्यांमध्ये जागा करून तिने गादी घातली आहे. वर छत इतकं खाली आहे की तिला सरळ उभं राहता येत नाही.